इतिवृत्त ठेवू नये

8 सप्टेंबर 1962 रोजी नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या, पश्चिम टोकाला, थागला कड्याखाली, आपल्या ढोला चौकीसमोर चिनी सैन्य येऊन उभे राहिले. त्यानंतर दिल्लीत संरक्षणमंत्र्यांच्या दालनात बैठकांवर बैठका सुरू झाल्या. मंत्री होते कृष्ण मेनन. लष्करातले आणि मंत्रालयातले वरिष्ठ समोर बसत, नकाशे उलगडत, निर्णय होत. आणि मेनन यांनी स्वच्छ सांगून ठेवले होते, की विषय अतिगोपनीय आहे, तेव्हा या बैठकांचे इतिवृत्त ठेवायचे नाही.

ही गोष्ट नोंदली आहे ती लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर पी. एस. भगत यांच्या 1963 च्या चौकशी अहवालात. त्यावर त्यांचे भाष्यही आहे. हा निर्णय आश्चर्यकारक होता, त्याचे गंभीर परिणाम होऊ शकत होते आणि तसे ते झालेही. कोणत्याही मोठ्या निर्णयाची जबाबदारी अखेर कुणावरच उरली नाही, असा त्याचा आशय. दोन फौजी अधिकारी पराभवाची कारणे शोधायला बसतात आणि तोफा, बूट, कोट यांच्या कमतरतेबरोबर न लिहिलेल्या कागदांचाही हिशेब मांडतात, याचे मला फार अप्रूप वाटले. वाटणारच. माझी नोकरी एका जिल्हा परिषदेत सभांची इतिवृत्ते लिहिण्यात गेली.

इतिवृत्त लिहिणारीला सभागृहात कुणी विचारत नाही. कोपऱ्यातली खुर्ची, वही, आणि चहा सगळ्यांचा झाल्यावर. पण सभा संपली की तिचे दिवस सुरू होतात. विषयपत्रिकेवरचा पहिला विषय दर वेळी तोच असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. नवख्या माणसाला वाटते, ही नुसती औपचारिकता. जुने सदस्य मात्र त्या एका विषयावर तासभर भांडत. अमुक मी बोललोच नव्हतो. माझा विरोध नोंदवलेला नाही. ठराव एकमताने कसा काय मंजूर? एकदा तर एक सदस्य सभेच्या आदल्या संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, “बाई, ते एक वाक्य काढता आलं तर बघा ना.” ते वाक्य त्यांचेच होते, भर सभेत मोठ्या आवाजात बोललेले. बोलताना टाळ्या मिळाल्या होत्या. कागदावर आल्यावर त्याचे वजन त्यांना जाणवले.

अधिकाऱ्यांच्या तऱ्हा वेगळ्या. फाइलवर नकोसा प्रश्न आला, की समासात दोनच शब्द: ‘चर्चा करावी’. मग दालनात चर्चा होते, तोंडी काय ते सांगितले जाते आणि फाइल खाली येते. कारकून लिहितो, ‘चर्चेनुसार सादर’. चर्चेत काय ठरले, कुणी ठरवले, हे त्या फाइलीत शोधून सापडत नाही. पुढे चौकशी लागली की सही सापडते ती खालच्या माणसाची. माझे पहिले कार्यालय अधीक्षक म्हणत, तोंडी आदेश आला की त्याच दिवशी टिपणी टाकायची: ‘मा. साहेबांनी आज दूरध्वनीवरून दिलेल्या निर्देशानुसार’. साहेब रागावले तर रागावू देत. पेन्शन साहेब देत नाहीत.

लष्करप्रमुख जनरल थापर यांनीही जवळपास हेच केले. 22 सप्टेंबर 1962 च्या बैठकीत चिन्यांना थागलाच्या दक्षिणेकडून हुसकावून लावायचे ठरले. थापर यांच्या मनात शंका होत्या. त्यांनी सांगितले, की मला हे लेखी द्या. नेहरू तेव्हा परदेशात होते, मेनन संयुक्त राष्ट्रांच्या सभेसाठी न्यूयॉर्कला. मग लेखी आदेश निघाला तो संरक्षण मंत्रालयातले सहसचिव एच. सी. सरीन यांच्या सहीने. देशाला युद्धाकडे नेणाऱ्या आदेशावर सहसचिवाची सही! आमच्या अधीक्षकांना हे सांगितले असते तर ते फक्त हसले असते.

या सगळ्यात संसद कुठे होती? नेहरूंच्या बाबतीत एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. सीमाप्रश्न बराच काळ त्यांनी संसदेपासून राखून ठेवला, हे खरे. अक्साई चीनमधून चीनने रस्ता काढल्याचे लोकसभेला अधिकृतपणे कळले ते ऑगस्ट 1959 मध्ये. पण त्यानंतर सदस्यांनी धारेवर धरले तेव्हा चीनशी झालेला पत्रव्यवहार श्वेतपत्रिका काढून त्यांनी छापायला सुरुवात केली. आणि नोव्हेंबर 1962 मध्ये, सैन्य माघार घेत असताना, एका सदस्याने चर्चेसाठी गुप्त अधिवेशन घ्यावे असे सुचवले तेव्हा त्यांनी ते नाकारले. चर्चा उघड झाली, पंतप्रधानांवर टीका झाली आणि ती सगळी लोकसभेच्या छापील कार्यवाहीत आहे. म्हणजे सभागृहात उच्चारलेला शब्द न् शब्द नोंदला गेला, आणि ज्या खोलीत निर्णय झाले तिथला एकही नाही.

मेनन गेले आणि त्यांच्या जागी महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण आले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आमच्या पिढीने शाळेत इतक्यांदा ऐकले आहे, की त्यापुढे काय झाले हे विचारायचे राहूनच गेले. चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली तेव्हा चीनने युद्धबंदी जाहीर केलेली होती. त्यांच्या वाट्याला आला तो पराभवानंतरचा हिशेब. आणि 2 सप्टेंबर 1963 रोजी, म्हणजे ढोल्याच्या त्या सकाळीला वर्ष व्हायच्या आत, ते लोकसभेत उभे राहिले आणि नेफा चौकशीवर त्यांनी निवेदन केले.

ते निवेदन मी सावकाश वाचले आहे. प्रशिक्षण, साधनसामग्री, आदेशव्यवस्था, जवानांची शारीरिक क्षमता आणि सेनाधिकाऱ्यांची नेतृत्वक्षमता या मुद्द्यांवर चौकशी झाली, असे त्यांनी सांगितले. डोंगराळ लढाईचे प्रशिक्षण पुरेसे नव्हते, सामग्री अपुरी होती, जवानांना त्या उंचीच्या हवेची सवय होऊ दिली नव्हती, वरच्या पातळीवर चुका झाल्या, हेही त्यांनी मान्य केले. मूळ अहवाल मात्र पटलावर ठेवला नाही. तो प्रसिद्ध केला तर सुरक्षेला धोका आहे आणि सीमेवर उभ्या असलेल्यांच्या मनोधैर्यावर परिणाम होईल, हे कारण.

माझे चव्हाणांविषयी दोन मतांमध्ये सतत हेलकावे चालतात. एका बाजूने बघितले, तर पराभवानंतर वर्षभरात, शत्रू सीमेवर असताना, एका मंत्र्याने संसदेला एवढे सांगणे ही लहान गोष्ट नव्हती. त्या चौकशीबद्दल त्यांनी जेवढे सांगितले तेवढे त्यानंतरच्या एकाही संरक्षणमंत्र्याने सांगितलेले नाही. दुसऱ्या बाजूने, सांगायचे काय आणि वगळायचे काय हे निवडणारा हात मंत्र्याचाच होता. सारांश मीही केलेले आहेत. सारांशात खोटे काहीच नसते. फक्त जे वाक्य कुणाला तरी टोचणार असते ते ‘सविस्तर चर्चा झाली’ या शब्दांत विरघळून जाते.

टोचणारे वाक्य तर या अहवालातच होते, इतिवृत्त न ठेवण्याविषयीचे. इथे मला खरी गंमत वाटते, कडवट असली तरी. गोपनीयतेचे कारण देऊन नोंदी ठेवल्या नाहीत. नोंदी ठेवल्या नाहीत असे ज्या अहवालाने सांगितले, तोही गोपनीयतेचे कारण देऊन कपाटात गेला. भरीला भर म्हणजे चौकशी करणाऱ्यांना सेना मुख्यालयाच्या कारभाराची तपासणी करायचीच नव्हती, तशी मर्यादा नवे लष्करप्रमुख जनरल चौधरी यांनी घालून दिलेली. मंत्रालय तर त्यांच्या कक्षेबाहेरच. म्हणजे संसदेला मिळाला एका सारांशाचा आधार, तो सारांश एका अर्ध्या चौकशीचा, आणि ती चौकशी अर्ध्या कागदांवर उभी.

पुढची गोष्ट पक्षांच्या पलीकडची आहे. मार्च 2009 मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने या अहवालाची प्रत देण्यास नकार दिला. मागणारे होते कुलदीप नय्यर, ज्येष्ठ पत्रकार आणि राज्यसभेचे माजी सदस्य. जे सभागृहात बसून मिळाले नाही ते साध्या अर्जावर मागून पाहिले, तेही नाही. 2010 मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले, की मजकूर अत्यंत संवेदनशील आहे आणि आजही लष्करी कारवायांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मार्च 2014 मध्ये ऑस्ट्रेलियन पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्यांच्याजवळचा पहिल्या खंडाचा बराच भाग इंटरनेटवर टाकला. 112 ते 157 ही पाने त्यात नव्हती. तेव्हा विरोधी बाकांवर असलेले अरुण जेटली यांनी लगेच लिहिले, की असे दस्तऐवज अनिश्चित काळ दडवून ठेवणे जनहिताचे नाही. दोन महिन्यांत सरकार बदलले, जेटली संरक्षणमंत्री झाले आणि जुलैमध्ये त्यांनी राज्यसभेत उत्तर दिले: अहवाल प्रसिद्ध करणे राष्ट्रहिताचे नाही.

मी जेटलींना हसत नाही. खुर्ची बदलली की समोरची फाइल बदलते आणि फाइलीवरची मागची टिपणी नव्या माणसालाही बांधून ठेवते, हे मी खालच्या पातळीवर पुष्कळ पाहिले आहे. अध्यक्ष बदलत, कारभारी पक्ष बदलत, पण विशिष्ट विषयावर जाणारे उत्तर जुन्या प्रतीवरून तयार होई. तारीख तेवढी नवी. एवढे मात्र खरे, की 1962 सालच्या खंदकांची माहिती आज कुणाला कशी उपयोगी पडेल हे कुणीतरी एकदा समजावून सांगायला हवे होते. ज्या चिन्यांपासून ती लपवायची, ते त्या खंदकांतून चालत पुढे आले होते.

कागद संसदेसमोर न येण्याची सोय नियमांतच आहे. लोकसभेच्या समितीने एखादा दस्तऐवज मागितला आणि तो उघड होणे राज्याच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधक आहे असे सरकारला वाटले, तर सरकार तो द्यायला नकार देऊ शकते. हा नियम 270. आणि समितीच्या बैठका बंद दाराआड चालतात, हा नियम 266. लोकलेखा समितीचेच बघा. बावीस सदस्य, 1967 पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे. त्या परंपरेतले पहिले अध्यक्ष मिनू मसानी, एकेकाळचे मुंबईचे महापौर. सरकारचा खर्च तपासणारी सगळ्यांत जुनी आणि दबदबा असलेली ही समिती. तरीही डिसेंबर 2018 मध्ये राफेल विमानांच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लिहिले, की किमतीवरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल लोकलेखा समितीने तपासलेला आहे. आणि समितीचे तेव्हाचे अध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे म्हणाले, की असा अहवाल आमच्यासमोर आलेलाच नाही. न्यायालयाने ते वाक्य घेतले होते सरकारने बंद लिफाफ्यात दिलेल्या टिपणीतून. सरकारने दुसऱ्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज केला, की टिपणीत कार्यपद्धती सांगितली होती, झालेली गोष्ट नव्हे. अहवाल संसदेत आला फेब्रुवारी 2019 मध्ये, किमतीचे तपशील झाकून.

लिफाफा उघडा असता, तर ती चूक समितीच्या एखाद्या कक्ष अधिकाऱ्यानेही पाच मिनिटांत दाखवली असती.

कोळसा खाणींच्या वाटपाच्या फायलींचे प्रकरण बहुतेकांना आठवत असेल, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. चंद्रपूरचे तेव्हाचे खासदार हंसराज अहीर यांनी या वाटपाविरुद्ध पत्रांमागून पत्रे लिहिली होती. ऑगस्ट 2012 मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल पटलावर आला, सीबीआयचा तपास लागला आणि 2013 च्या पावसाळी अधिवेशनात कळले की काही फायली सापडत नाहीत. सभागृह अनेकदा तहकूब झाले. वाटपाच्या काही काळात कोळसा खाते स्वतःकडे ठेवलेले मनमोहन सिंग राज्यसभेत म्हणाले, की कोळसा मंत्रालयाच्या फायलींचा रखवालदार मी नाही. तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर. फायलींचा रखवालदार असतो रेकॉर्ड रूममधला, किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावलेला. त्याला ना सभागृहात प्रवेश, ना बोलण्याचा अधिकार. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 214 खाणींचे वाटप रद्द केले, तेही उरलेल्या कागदांवरून.

फाइल हरवणे आणि फाइल मुळात न तयार करणे यांत मला दुसरा प्रकार जास्त भयंकर वाटतो. हरवलेल्या फाइलीचा निदान आवक-जावक नोंदवहीत क्रमांक असतो. बारनिशीत ती कुणाच्या नावावर गेली ते दिसते, झेरॉक्स कुठेतरी निघते, पुनर्बांधणी होते. 21 जून 2012 च्या मंत्रालयाच्या आगीनंतर कितीतरी खात्यांनी खालच्या कार्यालयांतून प्रती मागवून फायली पुन्हा उभ्या केल्या. जी बैठक कागदावर झालीच नाही, तिची पुनर्बांधणी कशातून करणार?

माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्यात एक छोटे परंतुक होते. व्यक्तिगत माहितीच्या कलमाला जोडलेले. जी माहिती संसदेला किंवा राज्य विधानमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. मला हे सगळ्या कायद्यातले सर्वांत उदार वाक्य वाटत आले आहे. माहिती मागताना तालुक्यातला अर्जदार आणि खासदार त्याने एका पायरीवर आणून उभे केले. मुंबई उच्च न्यायालयात 2007 मध्ये या परंतुकाची कसोटी लागली होती. माजी मंत्री सुरुपसिंग नाईक यांना सर्वोच्च न्यायालयाने अवमानाबद्दल एक महिन्याची शिक्षा दिली होती, आणि त्यातले बरेच दिवस ते जे. जे. रुग्णालयात होते. एका नागरिकाने त्यांच्या उपचारांचे कागद मागितले. विधानमंडळाने मागितले असते तर ते नाकारता आले असते का, हा प्रश्न न्यायालयाने महत्त्वाचा मानला आणि कौल माहिती देण्याच्या बाजूने दिला.

आजारपणाचे कागद ही नाजूक बाब आहे, मला त्या निकालाने थोडे अस्वस्थही केले होते. पण मापदंड लख्ख होता. 2023 च्या व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षण कायद्याने हे परंतुक काढून टाकले आणि नोव्हेंबर 2025 पासून तो बदल लागू झाला. व्यापक जनहिताचे दुसरे कलम शिल्लक आहे, असे सरकार म्हणते. आहे. मात्र त्यात जनहित सिद्ध करण्याचा भार अर्जदाराच्या डोक्यावर येतो, आणि ठरवणारा असतो तोच जनमाहिती अधिकारी, ज्याच्या साहेबाची माहिती मागितलेली असते.

हेंडरसन ब्रूक्स अहवाल या परंतुकाखाली कधीच येत नव्हता, हे मला कळते. तो सुरक्षेच्या कलमात बसतो, आणि वीस वर्षांनी माहिती खुली करण्याची मुदतही त्या कलमाला लागत नाही. पण 1993 चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे ना. नियम मोडून अभिलेख नष्ट करणाऱ्याला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे, जी कुणाला झाल्याचे माझ्या वाचनात नाही. त्याच कायद्यात असेही आहे, की गोपनीयतेचा शिक्का असलेला अभिलेख राष्ट्रीय अभिलेखागारात पाठवायचा नाही. शिक्का आधी उतरला पाहिजे. तो उतरवण्यासाठी वेळोवेळी फेरतपासणी करणे हे अभिलेख अधिकाऱ्याचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. डिसेंबर 2022 मध्ये अभिलेखागाराचे तेव्हाचे महासंचालक चंदन सिन्हा यांनी जाहीरपणे सांगितले, की 1962, 1965 आणि 1971 या युद्धांचे अभिलेख आपल्याकडे नाहीत, आणि 151 मंत्रालये व विभागांपैकी केवळ 36 चेच कागद आलेले आहेत.

म्हणून मला वाटते, ‘अहवाल प्रसिद्ध करणार का’ हा प्रश्न खासदारांनी आता विचारूच नये. त्याचे उत्तर टंकलिखित तयार आहे. आमच्या कार्यालयात तपासणी पथक यायचे तेव्हा ते फाइलीतला मजकूर नंतर बघत. आधी नोंदवही मागत. तसा एक अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचा, प्रश्न मी मनात रचून ठेवला आहे. सदर अहवालाच्या व त्याच्या परिशिष्टांच्या एकूण किती प्रती अस्तित्वात आहेत आणि त्या कोणाच्या ताब्यात आहेत. 1993 च्या कायद्यानुसार त्याच्या गोपनीयतेची फेरतपासणी कोणकोणत्या तारखांना झाली. ती करणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम काय. आणि त्या तपासण्यांची टिपणी लेखी ठेवली आहे काय. मंत्री बहुधा म्हणतील, माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल. म्हणू देत. असे म्हटले की ते आश्वासन ठरते, तीन महिन्यांची मुदत लागते, आणि 1953 पासून काम करणाऱ्या आश्वासन समितीच्या नोंदवहीत त्याला एक क्रमांक पडतो.